फोटोसाठी काढलेले अँगल

एका बिल्डरने एका एसी मिस्त्रीला फसवले. मिस्त्रीने चोख केलेले काम त्याने मोडले, त्या मोडतोडीत एका बाईचा जीव गेला, आणि मग त्यानेच पोलीस ठाण्यात येऊन मिस्त्रीविरुद्ध फिर्याद दिली. हे मी ऐकीव सांगत नाही. तपास माझ्याकडे होता. सेवेतले पुष्कळ गुन्हे आणि पुष्कळ चेहरे मी आता विसरलो आहे, पण ही घटना विसरावी म्हटले तरी विसरता येत नाही. नाव कुणाचेच देणार नाही. ज्याचे त्याला कळेल.

वडील मार्केट यार्डात हमाल होते, आई रस्त्याच्या कडेला भाजी विकायची. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत अधिकारी झालो. पाठीशी कुणी नव्हते, म्हणून जे मिळाले ते भांडून मिळवले. भाव करायला मी आईच्या पाटीशेजारी बसून शिकलो, आणि ती विद्या मला कायद्याच्या पुस्तकाइतकी उपयोगी पडली. राग मला लवकर येतो. माझ्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी तसे लिहिलेही आहे. लिहिणाऱ्यांपैकी एकाचा संबंध पुढे येईलच.

खराडी तेव्हा अर्धी शेत आणि अर्धी काच होती. ज्वारीच्या वावराला लागून एकदम चकचकीत इमारत उभी राहायची आणि तिच्यापर्यंत जायला धड रस्ता नसायचा. कंपन्या मात्र रस्त्यासाठी थांबत नव्हत्या. परदेशातले काम करणारी पोरे-पोरी जीपमधून यायची, धूळ झटकायची आणि आत जाऊन इंग्रजी बोलायची. अशाच एका इमारतीचा पहिला मजला एका कंपनीने भाड्याने घेतला होता. दर्शनी कोपऱ्यात त्यांची कॉम्प्युटरची मोठी यंत्रे ठेवलेली खोली होती आणि ती रात्रंदिवस गार ठेवावी लागे. खिडकी म्हणजे उघडत नसलेली काच. म्हणून भिंतीला भोक पाडून त्यात एसी बसवला होता, निम्मा आत, निम्मा बाहेर.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो एसी खाली पडला. खाली बागकाम करणारी एक बाई होती. तिथल्याच गावातली, तिशी-पस्तिशीची. एसीतून ठिबकणारे पाणी धरायला तिने आणि तिच्या जावेने भिंतीखाली एक पत्र्याचा ड्रम ठेवला होता. उन्हाळ्यात टँकरचे पाणी रोपांपर्यंत पोचत नसे, म्हणून त्या दोघी हे फुकटचे पाणी साठवून झाडांना घालत. ती ड्रममध्ये बादली बुडवायला वाकली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते.

मी पोचलो तेव्हा माणसे गोल करून उभी होती. मी गर्दी मागे हटवली आणि पंचनामा सुरू केला. एसीचा चेंदामेंदा झालेला डबा, लाकडी चौकटीचे तुकडे, सिमेंटचे ढेकूळ, चेपलेला ड्रम. वर भिंतीत चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणारी वायर. असा एसी भिंतीत बसवताना बाहेरच्या बाजूला खालून लोखंडी आधार देतात, एवढे मला माहीत होते. कारण बाहेरचा भाग जड असतो. इथे पडलेल्या सामानात आधाराचे लोखंड नव्हते. भोकाखालची भिंतही सपाट, एकसारख्या रंगाची होती, बोल्ट मारल्याची खूण नाही. मी तसेच लिहून घेतले. पंचांनी सह्या केल्या.

बिल्डर ठाण्यात स्वतः आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, आवाज मऊ. फिर्याद देताना शब्द न् शब्द तोलून सांगत होता. मिस्त्रीने निष्काळजीपणे आधाराशिवाय एसी बसवला आणि त्यामुळे मृत्यू झाला, असा मजकूर. सही करून पेन खिशाला लावताना म्हणाला, "अहो साहेब, अंत्यविधीचं सगळं आम्ही पाहिलंय, माणुसकी म्हणून. पण असले कारागीर म्हणजे शहराला धोका आहे. आपण जरा कडक बघा."

हलगर्जीपणाने मृत्यू, कलम ३०४-अ. मिस्त्रीला शोधायला माणूस पाठवायचीही गरज पडली नाही. तो पळाला असता तर सगळ्यांच्या सोयीचे झाले असते. पण बातमी ऐकून तो स्वतःच स्कूटरवरून आला आणि आल्या आल्या जागेवर भांडू लागला. कंपनीच्या माणसांशी, वॉचमनशी, शेवटी माझ्या हवालदाराशी. हवालदाराने त्याला जीपमध्ये घातले.

हा मिस्त्री वर्ध्याकडचा. मध्यम उंचीचा, छाती पुढे काढून चालणारा, आणि नम्रतेशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. वैद्यकीय तपासणी झाली, खिशातल्या वस्तू आणि पट्टा जमा झाला, अटकेची नोंद झाली, तरी त्याचे तोंड बंद होईना. पुण्यात आपल्यासारखा एसी बसवणारा नाही, असे तो कोठडीतल्या पाकीटमारालाही सांगत होता. पाकीटमाराने ठाणे अंमलदाराला हाक मारून मला दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणून अर्ज केला, तोही तोंडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला समोर बसवले. आधाराचे लोखंडी अँगल का लावले नाहीत, असे विचारले. तो म्हणाला, लावले. मग ते कुठे आहेत?

"तेच तं मी तुमाले इचारून रायलो, साहेब."

माझा पारा चढला. मी टेबलावर हात आपटला आणि पंचनामा वाचून दाखवला. लोखंड मिळालेले नाही, भिंतीला बोल्टाचे भोक नाही. त्यावर तो मला शिकवू लागला. भोक पाडण्याआधी त्याने वर लिंटल, म्हणजे काँक्रीटची आडवी पट्टी, टाकले होते, नाहीतर वरच्या विटा मशीनवर बसतात. भोकात चौकट घट्ट बसवली होती. बाहेरून भिंतीला दोन अँगल, चांगले जाड, अँकर बोल्टने आवळलेले. मशीन बाहेरच्या अंगाला बोटभर उतरती ठेवली होती, पाणी खोलीत न येता बाहेर ठिबकावे म्हणून. वायर स्वतंत्र, अर्थिंग स्वतंत्र. चौकटीभोवतीची फट भरली ती सगळ्यात शेवटी. हे सांगताना तो माझ्या टेबलावरच्या पेपरवेटला मशीन आणि फायलीला भिंत करून दाखवत होता. आरोपी साहेबाच्या टेबलावरच्या वस्तू हलवतो हे पाहून जबाब लिहून घेणाऱ्या माझ्या रायटरने पेनच खाली ठेवले.

मग मी माझा नेहमीचा उपाय केला. चौकशी म्हणजे घासाघीस. खोटे बोलणारा माणूस मोठा भाव सांगून बसतो, पण त्याला जरा स्वस्तात सुटायची वाट दाखवली की तो खाली येतो. मी आवाज उतरवला आणि त्याला म्हटले की अँगल नंतर लावणार होतो, कंपनीने घाई केली, असे सांग. घाई कंपनीची ठरली तर दोष वाटला जाईल, तुला कमी येईल. ही वाट मी आयुष्यात कितीतरी जणांना दाखवली आहे आणि बहुतेक जण तिच्यावरून चालत आले आहेत.

त्याने पेपरवेट उचलून परत जागेवर ठेवला. मग म्हणाला, "साहेब, मी गरीब आहो, पण येडा नाई. जे केलं नाई थे कबूल कायले करू? अँगल आवळले का मी स्वतः त्याले लोंबकळून पाह्यतो. माह्या वजनाले टिकले तंच मशीन ठेवतो. तिथंबी लोंबकळलो होतो. माणूस मेलं, साहेब. त्या बाईच्या घरच्याइले काय वाटत असन? का मी मारलं तिले?"

मी त्याला परत कोठडीत पाठवले. लोंबकळण्याची गोष्ट मला बढाई वाटली. पण हा माणूस भाव उतरवत नाही, हे मात्र मनात खटकून राहिले. बाजारात अशी माणसे दोनच प्रकारची असतात. एक, ज्याला विकायचेच नाही. दुसरा, ज्याचा माल खरा आहे.

कलम जामिनाचे होते, पण जामीनदार कोण राहणार? पुण्यात त्याचे नाते फक्त गिऱ्हाइकांशी, आणि गिऱ्हाइके फोन उचलेनात.

त्यानंतर दोन दिवसांनी मृत बाईची जाऊ ठाण्यात आली. तिला ड्रम हवा होता. ठाणे अंमलदार तिला समजावत होता की तो आता मुद्देमाल आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही. ती ऐकेना. चेपलाय पण ठोकून नीट होईल, दुसरा घ्यायचा कुठून, झाडे वाळली तर बोलणी कोण खाणार. आवाज वाढला म्हणून मी केबिनमधून बाहेर आलो. तिला आत बोलावून पाणी दिले. ड्रम नक्की कुठे असायचा, एवढेच मी विचारले. नकाशा काढायचा होता, दुसरे काही मनात नव्हते.

तिने सरळ उत्तर दिले. "आधी पार भितीला लागून असायचा, सायेब. पाणी तिथंच पडायचं. मग त्ये फोटूवालं येऊन गेलं, आन पाणी हातभर पुढं पडाया लागलं. जाऊ म्हणली, डरम पुढं वढू. वढला. वढला नसता तर…"

कसले फोटोवाले, असे मी विचारले. तिने सांगितले की बिल्डरची माणसे इमारतीचे फोटो काढायला आली होती. त्याच्या आदल्या दिवशी रंगारी शिडी लावून भिंत रंगवून गेला. रंग नवा झाला आणि एसीखालचे लोखंडाचे दोन हात गेले.

मी तिला थांबवले. लोखंडाचे हात तिने खरेच पाहिले होते का?

"पायले म्हंजी? त्यो एसीवाला त्याला माकडावानी लोंबकळला व्हता. आमी दोघी पाणी घालायचं सोडून बघत बसलो. लय हसलो. जाऊ म्हणली, पडला तर आपल्याच बादलीत पडंल."

मिस्त्रीने कोठडीत काय सांगितले होते ते या बाईला कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्या दोघांचे कधी बोलणे झाले नव्हते. मी रायटरला हाक मारली आणि तिचा जबाब तिच्याच शब्दांत लिहून घेतला. जाताना ती पुन्हा ड्रमचे विचारत होती.

पाणी पुढे पडू लागले याचा अर्थ मला लगेच लागला. अँगल काढल्यावर मशीन बाहेरच्या बाजूला झुकून पुढे सरकायला लागली होती. चौकटीने आणि सिमेंटने तिला धरून ठेवले ते काही दिवस. रात्रंदिवस चालणारी, थरथरणारी मशीन. ती रोज थोडी थोडी सुटत होती, आणि ते फक्त त्या दोन बायकांना दिसत होते. त्यांनी ड्रम सरकवला. त्यांना दुसरे काय कळणार होते? वर बसलेल्या कंपनीच्या लोकांना खोली गार मिळत होती, त्यांनी बाहेर येऊन बघितलेच नाही.

मी ताबडतोब जागेवर गेलो. जवळच्या मंडपवाल्याकडून शिडी घेतली. त्याने सांगितलेले भाडे मी तिथेच उभा राहून निम्म्यावर आणले. सरकारी काम असले म्हणून मी कधी जास्त दिले नाही. पंच हवे होते. एक मिळाला तो जवळचा दुकानदार. दुसरे, मुलाचे ऑफिस बघायला आलेले शनिवार पेठेतले एक निवृत्त गृहस्थ. मी शिडीवर चढून भोकाखालच्या भिंतीवर गाडीची किल्ली ठोकत गेलो. ते गृहस्थ खालून शांतपणे म्हणाले, "पोलीस भिंतीलाही विचारतात, हे आज कळलं. आमचा समज वेगळा होता."

एका जागी आवाज बद्द आला. मी किल्लीने खरवडले. वरचा रंग निघाला, खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, तिच्या आत गोल भोक आणि भोकात अँकरची लोखंडी नळी तशीच. बोल्ट तेवढा काढून घेतला होता. पुढे हात सरकवत गेलो तसतशी बाकीची भोकेही सापडली. भिंतीत एसी असलेल्या आणखी दोन ठिकाणीही तेच. कंपनीला बोलावून त्या मशीन मी जागेवरच बंद करून उतरवायला लावल्या. दुसरा पंचनामा झाला. शनिवार पेठेच्या गृहस्थांनी तो आधी शब्दशः वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि मग सही केली.

रंगारी याच बिल्डरच्या दुसऱ्या साइटवर सापडला. साधा, भित्रा माणूस. त्याने काहीच लपवले नाही. मालकांनी सांगितले, फोटोत लोखंड दिसते, काढून टाक, फोटो झाले की परत लावू. त्याने काढले. भिंतीत बसलेली मशीन पडते थोडीच, असे मालक म्हणाल्याचेही त्याने सांगितले. परत लावायला कुणी बोलावले नाही. अँगल त्याच्या खोलीत होते. त्यांवर फळी टाकून त्याने रंगाचे डबे मांडले होते. डबे उतरवले, अँगल जप्त केले, कापडात गुंडाळून सील केले, लेबलवर पंचांच्या सह्या घेतल्या. ते वजन मी हातात घेऊन पाहिले. मिस्त्री खोटे बोलला नव्हता. माल जाडच होता.

मी बिल्डरला ठाण्यात बोलावले. तो वकील न घेता आला. मी पैसे मागणार अशी त्याची समजूत झाली असावी, कारण खुर्चीत बसताना त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू होते. मी अँगलचे विचारले. त्याने नाकारले नाही.

"अहो, इमारतीचा चेहरा विकावा लागतो. पुढच्या इमारतीची जाहिरात याच इमारतीच्या फोटोवर करायची होती. भिंतीतून अशी लोखंडं बाहेर आलेली दाखवली तर परदेशी कंपनी कशाला येईल? परत लावायला सांगितलं होतं मी."

"कुणाला?"

"सांगितलं होतं हो कुणालातरी. आता एवढं कुठे लक्षात राहतं?"

मग तो मुद्द्यावर आला. मृत बाईच्या घरच्यांना तो भरपूर देईल, मिस्त्रीचा वकीलही तोच करून देईल, आणि माझ्या मुलाला कुठे नोकरी लावायची असेल तर तेही बघता येईल. हे सगळे त्याने इतक्या सभ्यतेने सांगितले की मला क्षणभर आपणच असभ्य आहोत असे वाटले. आयुष्यभर मी भाव केले, पण काही वस्तू पाटीत ठेवायच्याच नसतात हे आई सांगायची. मी त्याला म्हटले, तुमची फिर्याद तुमच्यावरच उलटते आहे, उद्या वकील घेऊन या. तो उठला, खुर्ची नीट टेबलाला लावली आणि विचारले, "आपण या ठाण्यात अजून किती दिवस आहात?"

मी फार दिवस नव्हतो. वरिष्ठांकडे केस डायरी घेऊन गेलो आणि बिल्डरला आरोपी करण्याची परवानगी मागितली. त्यांनी पाने उलटली. फिर्यादीलाच आरोपी करायचे म्हणजे आपण आधी झोपलो होतो असे वर्तमानपत्र लिहील, असे ते म्हणाले. शिवाय रंगाऱ्याने काढले, मग रंगारी घ्या, मालकाला कशाला? मी म्हटले, काढणारे हात रंगाऱ्याचे, पण त्या भिंतीवर हुकूम एकाचाच चालतो. आवाज चढला. माझाच चढला असेल. त्या आठवड्यात माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. तिथे वायरलेसवर इतरांचे गुन्हे ऐकायचे काम होते.

तपास माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. दोषारोपपत्रात आरोपी एकच राहिला, मिस्त्री. बिल्डर सरकारी साक्षीदार झाला. माझा दुसरा पंचनामा जोडलेला नव्हता आणि जप्त केलेले अँगल मुद्देमालाच्या यादीतच नव्हते. रंगाऱ्याचा जबाब नव्हता, आणि रंगारी गावी गेला म्हणून मिळून येत नव्हता. जावेचा जबाब नव्याने घेतला होता आणि त्यात तिला काही आठवत नव्हते.

मी सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे गेलो. अंगणात नवा ड्रम होता, प्लास्टिकचा, निळा. मृत बाईच्या नवऱ्याला त्या बिल्डरच्या सगळ्या इमारतींच्या बागांचे काम मिळाले होते. ती माझ्याकडे बघेना. चहा ठेवला, कप समोर सरकवला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "सायेब, ती काय परत येती व्हय? घरात खाणारी तोंडं हायती. तुमी आता येऊ नगा." मला तिचा राग आला नाही. राग येण्यासारखी माणसे माझ्या रांगेत पुष्कळ होती, पण ती त्यांत नव्हती.

मिस्त्रीला कुणी दूरच्या नातेवाइकाने जामीन दिला होता. मी त्याला निरोप पाठवला की मला साक्षीला बोलाव, मी सगळे सांगतो. पण तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला त्याचे काम बुडे. कंपन्यांनी त्याला दारात उभे करणे बंद केले होते. त्याने बसवलेला एसी पडून माणूस मेला, एवढेच लोकांना माहीत होते. शेवटी त्याच्या वकिलाने सल्ला दिला की कबूल करून टाक, थोडक्यात आटपेल. आणि त्याने कबूल केले. मी कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचलोच नाही. काही महिन्यांची कैद भोगून तो गावी परत गेला.

पोलिसी नोकरीत चुकीचा माणूस सुटतो, त्याची सवय होते. चुकीचा माणूस आत जातो, त्याची होत नाही. एक गोष्ट या प्रकरणाने मला पक्की शिकवली. भिंतीत बसवलेल्या मशीनचे खरे काम बाहेरच्या बाजूला असते आणि आत बसणारा माणूस ते कधी बघत नाही. आपल्या घरी, ऑफिसात असा एसी असेल तर एकदा खाली उतरा आणि मान वर करून बघा. आधार जागेवर आहे का, बोल्ट गंजले का, पाणी कुठे पडते आहे. नवा बसवत असाल तर कारागिराशी कशाचाही भाव करा, अँगलचा करू नका. आणि दिसायला वाईट दिसते म्हणून आधार काढू नका. मी हे शेजारी, नातेवाईक, जो भेटेल त्याला सांगतो. लोकांना वाटते, निवृत्तीनंतर साहेबांचे डोके फिरले.

निवृत्तीनंतर खूप खटपट करून मी मिस्त्रीचा पत्ता मिळवला आणि फोन केला. तो आता कूलर दुरुस्त करतो. भिंतीला हात लावत नाही, म्हणाला. बोलणे पूर्वीसारखे नव्हते. छाती पुढे काढून चालणारा तो माणूस फोनवर माझी परवानगी घेतल्यासारखा बोलत होता. शेवटी त्याने विचारले, "साहेब, त्या बाईच्या घरवाल्याले कोणी सांगितलं का, का मी अँगल लावले होते?"

कुणी सांगितलेले नाही. जाऊ बोलत नाही. मी त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा नवऱ्याने मला उंबऱ्याबाहेरच थांबवले. त्याला अजूनही तसेच वाटते, त्या विदर्भातल्या माणसाने आपली बायको मारली. रोज सकाळी तो बिल्डरच्या बागांना पाणी घालतो आणि बिल्डर भेटला की हात जोडतो.

म्हणून हे लिहिले. तो बिल्डर आज मोठा आहे, व्यासपीठांवर बसतो. त्याने त्या घरी जावे आणि नवऱ्यासमोर उभे राहून सांगावे की अँगल होते, मी काढायला लावले. वकील नको, पैशाचे पाकीट नको, एवढे एक वाक्य पुरे. आणि ज्या वरिष्ठांनी माझी केस डायरी उलटून बाजूला ठेवली, ते माझ्यासारखेच निवृत्त आहेत, याच शहरात आहेत, सकाळी फिरायला जातात. त्यांना माझा एक प्रश्न आहे. सील केलेले, पंचांच्या सह्या असलेले ते अँगल मुद्देमालाच्या खोलीतून कुणाच्या हुकमाने बाहेर गेले? नोकरीत असताना मी हे तोंडी विचारले, नंतर लेखी विचारले. आता छापून विचारतो आहे. उत्तर द्या.